एकानं जास्त, एकानं कमी

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पन्नाशीत दहावीचा फॉर्म भरला. शिकवायला घरचीच मास्तरीण होती. त्यांची मुलगी एका शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी आईकडे यायची.

"आई, दोनचं वर्गमूळ अपरिमेय असतं," एका रविवारी ती म्हणाली. "वर पूर्ण संख्या, खाली पूर्ण संख्या, असा अपूर्णांक करून ते लिहिताच येत नाही. चौरसाची बाजू एक असेल, तर कर्ण तेवढा."

"काहीतरीच! डोळ्यांसमोरच्या लांबीला माप नाही?" बाईंनी मशीनवरचा चौकोनी रुमाल उचलून टेप लावला. बाजू सत्तर सेंटीमीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्याण्णव. "घे. नव्याण्णव छेद सत्तर. मिटलं."

"वर्ग करून बघ. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट हवा."

सत्तरचा वर्ग चार हजार नऊशे. त्याची दुप्पट नऊ हजार आठशे. नव्याण्णवचा वर्ग मात्र नऊ हजार आठशे एक.

एकानं हुकलं! बाई इरेला पेटल्या. आठवडाभर काजं-बटणं तशीच पडून राहिली. सतरा छेद बारा, एकानं जास्त. एकेचाळीस छेद एकोणतीस, एकानं कमी. पुढच्या रविवारी त्यांनी पेन्सिलच टाकली. लहानपणी गुरुजींनी त्यांना भागाकार संपेपर्यंत फळ्यापाशी उभं केलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत गेल्या नव्हत्या.

"माझ्या डोक्यात भुसाच भरलाय."

"मुळीच नाही. समज, तुला तो अपूर्णांक सापडला. काट मारून मारून अगदी लहान केलास. वरच्याचा वर्ग खालच्याच्या वर्गाच्या दुप्पट. मग वरची संख्या सम की विषम?"

"सम. विषमचा वर्ग विषमच येतो."

"आणि समचा वर्ग चारनं भागला जातो. त्याचं निम्मं केलं तर?"

"तेही सम. म्हणजे खालच्याचा वर्ग सम, खालचीही सम..." बाई थबकल्या. "अगं, दोन्ही सम असतील तर अजून दोननं काट जाते की! पण ती तर आपण आधीच मारली होती."

मुलीनं टाकलेली पेन्सिल उचलून आईच्या हातात दिली.

"म्हणजे असा अपूर्णांक नाहीच. मी वर्षभर शोधला असता तरी..."

"जन्मभर शोधला असतास तरी."

बाईंना हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "मग दहा भागिले तीन? गुरुजींनी फळ्यावर घातलेलं तेही संपत नव्हतं."

"ते परिमेयच. तीनच तीन येत राहतात, आणि दहा छेद तीन असं सरळ लिहिता येतं. दोनच्या वर्गमुळाचे आकडे संपतही नाहीत आणि एकच क्रम धरून फिरतही नाहीत."

"एवढं कुणी सांगितलं असतं तर!"

परीक्षेत नेमकी तीच सिद्धता आली. बाईंना गणितात बासष्ट गुण पडले. निकाल हातात येताच त्यांनी मुलीला फोन लावला.

"आणि भूगोल?" मुलीनं विचारलं.

"गचकले. त्याचं पुढच्या वेळी बघू. आधी सांग, तीनचं वर्गमूळही असलंच असतं का गं?"