मनमायाने दार आणलं

सोमवारी सकाळी मनमाया तामांग आपल्या घराचं दार डोक्यावर घेऊन शाळेत आली. फणसाच्या फळ्यांचं दार, कडीकोयंड्यासकट. पाठीवर दप्तर होतंच. तिसरीतल्या पोरीला ते पेललं कसं, हे शेट्येबाईंनी विचारलं नाही. दार आत यायचं तर वर्गाच्या दाराची दोन्ही कवाडं उघडायला हवीत, म्हणून त्यांनी वरचा अडसर काढला.

"कुठे ठेवू, बाई?"

"त्या भिंतीला टेकव. आईने पाठवलं?"

"हो. आई म्हणाली, दारच नसलं की कुणी वाजवणार नाही."

कोंडतळीत आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून आलेली सात कुटुंबं होती. बागेतल्या मांगरात, जिथे एरवी अवजारं आणि पेट्या ठेवतात, तिथे ती राहायची. कुणाला चार वर्षं झाली होती, कुणाला दहा. महिन्याभरापूर्वी गावात बातमी आली, की बाहेरून आलेल्यांचे कागद तपासणार आणि कागद पुरे नसतील त्यांना गाडीत बसवून नेणार. कुठे नेणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो वेगळंच ठिकाण सांगायचा.

दार भिंतीला टेकलं आणि तिथेच बसलं. मनमायाने कडी काढली. आत चूल पेटलेली होती. तिची आई फूलमाया भाताचं पातेलं उतरवत होती. तिने बाईंना नमस्कार केला आणि पोरीला म्हणाली, "लाव ते. धूर जाईल वर्गात."

मधल्या सुट्टीत बाई बागेत जाऊन आल्या. मांगर जागेवर होता, पण चारी बाजूंनी सलग भिंत. त्यांनी दोन वेळा हात फिरवून पाहिला. कुठे फट लागली नाही.

शनिवारपर्यंत सातही दारं आली. दोन पत्र्याची होती. एकाचं दार म्हणजे नुसतं गोणपाट. ते घडी करून काखेतून आलं आणि खिळ्याला टांगलं गेलं. मुख्याध्यापक घवाळी गुरुजी दारांसमोर बराच वेळ उभे राहिले.

"शाळेत आलेलं मूल परत पाठवता येत नाही," ते म्हणाले. "मुलाबरोबर आलेलं दारही पाठवता येत नाही, असं मी धरून चालतो."

मग ते माळ्यावर चढले आणि जुने तक्ते काढून आणले. फुलाचे भाग, पक्षी, दातांची निगा. एकेका दारावर एकेक तक्ता टांगला. मनमायाचा बाप हर्कबहादूर पहाटे पक्ष्यांचा तक्ता बाजूला सारून बागेत राखणीला जायचा आणि परत येताना चपला हातात घेऊन यायचा, वर्गात माती नको म्हणून. खिचडीचं पातेलं मोठं आलं. पाढे म्हणताना भिंतीतून बायकांचे आवाजही मुलांच्या आवाजात मिसळायचे.

"बाई, हे तुमच्यामुळे झालं," गुरुजी म्हणायचे. "पोरं तुमच्यावर विश्वास टाकतात."

बाई खडू शोधल्यासारखं करायच्या.

कारण बातमी आली त्याच आठवड्यात फाइल घेतलेले दोघे जण शाळेत आले होते. गुरुजी तेव्हा तालुक्याला गेले होते. नेपाळ्यांची पोरं कुठल्या कुठल्या बागेत राहतात, असं त्यांनी सहज विचारलं. बाईंनी नुकतीच मुलांकडून चित्रं काढून घेतली होती: माझं घर आणि घराकडे जाणारा रस्ता. त्यांनी गठ्ठ्यातून सात कागद वेगळे करून दिले. कुणी दम दिला नव्हता, हात पिरगळला नव्हता. त्यातला एक म्हणाला, "बाई, तुमची मुलं रस्ते फार छान काढतात," आणि बाईंना बरं वाटलं होतं. त्यांना झोप येत नव्हती ती या बरं वाटण्यामुळे.

सातही दारं आली त्याच्या पुढच्या गुरुवारी ते दोघे पुन्हा आले.

"मांगरांना दारं नाहीत," एक जण म्हणाला. "आम्ही सातही पाहिले."

"जुने मांगर आहेत," घवाळी गुरुजी म्हणाले.

त्याने फाइल उघडून चित्रं टेबलावर मांडली. बाईंनी पाहिलं. मुलांनी काढलेली आंब्याची झाडं तशीच होती, विहीर होती, कुत्रा होता. रस्ता मात्र बागेत शिरत नव्हता. सातही कागदांवर तो वळून शाळेच्या पायऱ्यांशी आला होता आणि आत जाऊन भिंतीपाशी थांबला होता. मेणाच्या खडूची रेघ अजून चिकट होती.

"उद्या वेळ काढून येतो," दुसरा म्हणाला. "मोठी माणसं काहीही सांगतात. पोरांची चित्रं बरोबर असतात."

ते गेल्यावर बाईंनी पक्ष्यांचा तक्ता बाजूला केला आणि कडी वाजवली. फूलमायाने दार उघडलं. बाई उंबऱ्यावरच बसल्या.

"फूलमाया, ती चित्रं मी दिली."

"माहीत आहे, बाई."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनी दाखवलं आम्हाला, पहिल्यांदा बागेत नावं लिहून घ्यायला आले तेव्हा. खाली तुमचं अक्षर होतं. लाल शाईत 'छान' लिहिलेलं."

आत चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

"मग तरी दार माझ्याकडे पाठवलंस?"

"आणखी कुठे पाठवू?" फूलमाया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "पोरीला दुसरी शाळा कुठे आहे?"

शुक्रवारी सकाळी बाईंनी आपल्या घराच्या दाराच्या बिजागऱ्या काढल्या. सागवानी दार, वर सासऱ्यांच्या नावाची पितळी पाटी. त्या एकट्याच राहत. दार डोक्यावर घेऊन त्या रस्त्याला लागल्या तेव्हा शेजारच्या वहिनी अंगण झाडत होत्या.

"रंगवायला देताय का, बाई?"

"नाही."

मागे वळून पाहायची गरज नव्हती. भिंत मिटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. माठावर झाकण ठेवावं तेवढाच. मान दुखत होती. मनमायाला हे वजन कसं पेललं, हे त्यांना वाटेत कळलं: दार खाली ठेवायला मधे जागाच नव्हती.

वर्गात त्यांनी पक्ष्यांचा तक्ता उतरवला आणि आपलं दार मनमायाच्या दारावरच टेकवलं. ते बसलं, मागचं दार पुरतं झाकलं गेलं. मुलं पाहत होती. मनमायाने विचारलं, "बाई, आता आई बाहेर कशी येणार?"

"पुस्तक काढ," बाई म्हणाल्या.

साडेदहाला ते दोघे आले. वरचंच चित्र मनमायाचं होतं. एकाने ते हातात धरलं आणि रेघेवर बोट ठेवून तो चालू लागला. पायऱ्या चढला, बाकांमधून वाट काढत आला, मुलांनी पाय आत घेतले. बोट कागदाच्या टोकाला पोचलं तेव्हा तो सागवानी दारासमोर उभा होता. पितळी पाटीवरचं नाव त्याने वाचलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

शेट्येबाई फळ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

त्याने कडी वाजवली.

"उघडंच आहे," आत, बाईंच्या घरातून, त्यांचाच आवाज आला. "या ना."

दोघांनी चपला काढल्या.