मनगटाचं माप

मला पहिला संशय आला तो सुनेच्या मनगटावरून.

आमचं शिलाईचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत. दोन मशिनं, एक माझं आणि एक आमच्या ह्यांचं. सुनेला आठवा महिना लागलेला, त्यामुळे तिच्या कामावरच्या सदऱ्याची बाजूची शिवण मी दर पंधरा दिवसांनी उसवून थोडी सैल करून द्यायचे. त्या सकाळी पोटावर सदरा नीट बसला. बाहीचं बटण मात्र लागेना. महिन्यापूर्वी तेच बटण लावून वर दोन बोटं आत जात होती.

पोट वाढतं हे कळतं. मनगटानं का वाढावं?

“हात सुजलाय तुझा,” मी म्हटलं.

“उकडतंय ना, आई.”

उकडत नव्हतं. मी स्वेटर घालून बसले होते.

“तपासणीला गेली होतीस ना?”

“परवाच गेले होते. सगळं नॉर्मल. कार्डावर लिहिलंय.” माझा प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर हजर. गिऱ्हाईक आपणहून ‘मला काही घाई नाही हो’ म्हणालं, की त्याला कपडा उद्याच हवा असतो. इतक्या वर्षांत मी एवढं तर शिकले आहे.

ती कामावर गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं तिचं काम. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, आठवड्यातून एकदा घरी. दुसऱ्याच्या कपाटात हात घालायची मला सवय नाही, असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी घातला आणि कार्ड काढलं.

रक्तदाबाच्या रकान्यात ११०/७०. त्याखाली ११०/७०. त्याखाली पुन्हा तेच, आणि त्याखालीही तेच. वजन मात्र दर वेळी बरोबर अर्धा किलो वाढलेलं, जसं कोणी गजानं मोजून दिलंय.

माझ्याकडे पूर्वी एक मुलगी शिकायला होती. गिऱ्हाइकाला टेप लावायचा तिला कंटाळा, म्हणून वहीतली गेल्या वेळची मापं उतरवून ठेवायची. कंबर सव्वीस, पुढच्या वर्षीही सव्वीस. एका नवरीचा ब्लाउज ऐन वेळी पाठीवर उसवला तेव्हा ते उघडकीला आलं. जिवंत माणसाचं माप दोनदा तंतोतंत सारखं येत नाही. सारखं आलं, तर कुणी मापलंच नाही असं समजावं.

“दवाखान्यात झोपा काढतात हे लोक,” मी ह्यांना कार्ड दाखवलं.

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आकडे चांगलेत की.”

“तेच तर. इतके चांगले कसे?”

ह्यांनी मशीन सुरू केलं. संसारात त्यांचं उत्तर बहुतेक वेळा मशीनच देतं.

मी चपला घालून तडक दवाखाना गाठला. वाटेत भांडणाची तयारी करून ठेवली होती. तपासणीच्या खोलीत बाकावर पाच-सहा बायका पोटावर हात ठेवून बसलेल्या, आणि टेबलामागे एक ठेंगणी सिस्टर एकीच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती. हवा भरली, सोडली. मग म्हणाली, “बोलू नका हो, बोललात की आकडा चढतो,” आणि पुन्हा भरली. माझ्या भांडणातली अर्धी हवा तिथंच गेली. ही बाई तर मापत होती.

तरी मी कार्ड पुढे केलं. “हे चारही वेळा सारखंच कसं हो? माझ्या सुनेला खरंच पट्टा लावता का नुसतं उतरवता?”

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि रजिस्टर ओढलं. पानं उलटता उलटता तिचा चेहरा बदलत गेला.

“मावशी, पहिला एकशे दहा आमचा. त्यापुढचे तीन आमचे नाहीत.”

“म्हणजे?”

“दीड महिन्यापूर्वी ती आली होती. एकशे चाळीस-नव्वद आलं. मी म्हटलं, अर्धा तास आडवी हो, परत बघते, मग कार्डावर लिहू. मी दुसरी बाई बघेपर्यंत ही उठून गेली. त्यानंतर आलीच नाही. आम्ही दोनदा फोन केला. गावाला आहे म्हणाली.”

“ती कुठल्या गावाला? रोज माझ्यासमोर जेवते.”

सिस्टरनं कार्डावरच्या शेवटच्या सातावर बोट ठेवलं. सातच्या मधून बारीक आडवी रेघ होती. “असा सात आमच्याकडे कुणी काढत नाही.”

तो सात मी रोज पाहत होते. काचांच्या पाकिटांवर एक आणि सात यांची गल्लत झाली तर कुणाच्या तरी डोळ्यांचं वाटोळं होतं, म्हणून चष्म्याच्या दुकानात सातला अशी रेघ मारतात. सुनेच्या हाताला तीच सवय. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरसुद्धा दूधवाल्याच्या हिशेबातले तिचे सात तसेच. आणि मी शहाणी आकड्यांत खोट काढत बसले, अक्षराकडे पाहिलंच नाही.

“डोकं दुखतं का तिचं? डोळ्यांपुढे काही चमकतं?” सिस्टरनं विचारलं.

“मला काय सांगणार ती? मला सांगायचं असतं तर हे कशाला केलं असतं?”

“आजच आणा. उद्या नको. रक्तदाब असा वाढला की आईला झटके येऊ शकतात, बाळालाही धोका असतो. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, मी चिठ्ठी देते.”

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सून घासायच्या चाकासमोर बसली होती. चाक बंद. तिनं कपाळ लोखंडी कपाटाच्या गार दाराला टेकवलं होतं. मला पाहून झटकन सरळ झाली.

“आई? तुम्ही इथं?”

“डोकं दुखतंय?”

“नाही.”

मागून दुकानदार म्हणाला, “काकू, कालपासून हिनं दोन काचा उलट्या बसवल्यात. ही कधी चुकत नाही.”

“डोळ्यांपुढे चमकतं का?” मी विचारलं.

“ते या कामात चमकतंच. दिवसभर दिव्याखाली काच धरायची म्हणजे.”

मी कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. “आणि हे? हे कोणत्या दिव्याखाली लिहिलंस?”

तिनं कार्ड पालथं घातलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. उलट चिडली.

“मग काय करायचं होतं? त्या लगेच भरती व्हा म्हणाल्या असत्या. आणि तुम्ही आल्यागेल्याला सांगता, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मी कळा सुरू होईपर्यंत कोट शिवत होते, अस्तर लावलं आणि मग गेले.’ लग्नाच्या दिवसापासून ऐकतेय मी तो कोट. आणि मी सातव्या महिन्यात पलंगावर पडून तुमच्या हातचं खायचं?”

मला बसायला स्टूल दिसलं, मी बसले. अठ्ठावीस वर्षं तो कोट मी घातला होता, आणि अंगावर छान बसायचा.

“तो कोट मी नाही शिवला,” मी म्हटलं. “कळा सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे मी दवाखान्यात आडवी होते. हातपाय असेच सुजले होते. मीठ तोंडाला लावू देत नव्हते, आणि दिवसातून चार वेळा दंडाला पट्टा.”

तिनं डोळे बारीक केले. “आता मला न्यायचंय म्हणून सांगताय.”

“नाही गं.”

“कशावरून? मी खोटं लिहू शकते, तर तुम्ही खोटं बोलू शकता.”

बरोबरच होतं. मीच तिला ते शिकवलं होतं, कार्डाशिवाय. काय पुरावा देणार? मी फोन काढून घरी लावला आणि तिच्या कानाशी धरला. “विचार तुझ्या सासऱ्यांना.”

“मामंजी,” ती म्हणाली, “आईंनी बाळंतपणाच्या दिवशी कोट शिवला होता का?”

पलीकडे मशीन थांबलं. ह्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

“तो मी शिवला. उजवी बाही वाकडी झाली. माझं लक्ष नव्हतं, ही दवाखान्यात होती ना.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. आणि मग, “काय झालंय गं? मी येऊ का?”

सुनेनं फोन माझ्या हातात दिला. उठायला गेली आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. “आई, मला तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय,” ती म्हणाली. एवढ्या साध्या आवाजात तिनं मला कधीच काही सांगितलं नव्हतं. दुकानदारानं बाहेर पळत जाऊन गाडी थांबवली.

मोठ्या दवाखान्यात एकशे सत्तर-एकशे दहा निघालं. लघवीच्या तपासणीत प्रथिनं सापडली. सुई लागली, औषध सुरू झालं, खोलीतला झगझगीत दिवा बंद केला. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. घोडा कच्च्या रस्त्यावरून पळावा तसे. म्हणाल्या, आज बाळ ठीक आहे, उद्याचं उद्या बघू, शक्य तितके दिवस आत राहू द्यायचं, पण आता आईला घरी सोडणार नाही. मी त्यांनाही दोनदा विचारलं, खरंच ठीक आहे का मला बरं वाटावं म्हणून सांगताय. त्या रागावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन सिस्टर आली. पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, एकशे पन्नास. मी वाकून पाहिला. तो तेवढाच होता.

“डोकं दुखतंय का?” तिनं विचारलं.

“नाही,” सून सवयीनं म्हणाली.

सिस्टर लिहायला लागली. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. सून छताकडे पाहत होती, मग तिनं मान वळवली.

“थांबा,” ती म्हणाली. “दुखतंय. पुढून, कपाळापाशी. आणि पहाटे दोनदा चमकलं.”

सिस्टरनं आधीचं खोडलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.