खबर कुणी दिली

"मांस-मच्छी?" वर्धमानअण्णांनी विचारलं.

"राम राम! नावसुद्धा काढू नका." समोर बसलेल्या माणसानं कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"दारू?"

"शिवलो नाही कधी."

"कांदा-लसूण?"

"घरात येत नाही, अण्णा. दिवस मावळायच्या आत जेवतो मी. आईची शिकवण."

झालं! अण्णांनी आतल्या दारात उभ्या असलेल्या राजमतीकडं असं बघितलं, जसं काही पोरीला राजघराण्यातून मागणी आली होती. राजमतीनंही लगेच चहाचं आधण ठेवलं. हा माणूस स्वतःचं नाव विश्वजीत सांगत होता. पुढं तेही खोटंच निघालं, पण त्या दिवशी त्याच्यासारखा सज्जन मिरज तालुक्यात दुसरा नसेल असं दोघा नवरा-बायकोचं एकमत झालं.

अण्णांचा द्राक्षाचा मळा मिरजेच्या पूर्वेला, गावापासून जरा आडबाजूला. मळ्याच्या टोकाला बेदाणा वाळवायचं शेड. उन्हाळ्यात तिथं उभं राहायला जागा नसायची आणि हंगाम संपला की वर्षभर चिमण्या नांदायच्या. विश्वजीतला ते भाड्यानं हवं होतं. अत्तराचा कच्चा माल बनवायचा आहे, शेड पत्र्यानं बंदिस्त करून घेतो, खर्च माझा, म्हणाला. भाडं तर असं सांगितलं की बेदाण्यानं कधी स्वप्नातही दिलं नसतं.

अण्णांची लेक प्रीती सांगलीत विश्रामबागेत राहायची. तिनं फोनवर विचारलं, "पप्पा, कागद केला का? पोलिसांत भाडेकरूची नोंद दिली का?"

"अगं, माणूस कांदासुद्धा खात न्हाई!" अण्णा म्हणाले आणि विषय मिटला.

यात अण्णांना तरी काय बोल लावायचा? बापजाद्यांनी ज्या चाळणीनं माणसं चाळली तीच त्यांनी हातात घेतली. समोरच्याला त्या चाळणीची भोकं आधीपासून माहीत होती, एवढंच. तो राजमतीला 'आई' म्हणायचा, पर्युषणात फळांची करंडी घेऊन आला, मंदिरात हात जोडून बसला. त्याचे दोन कामगार मात्र शेडच्या बाहेर फारसे दिसत नसत. वारं फिरलं की तिकडून नाक जाळणारा वास यायचा. "अत्तर कच्चं असतं तेव्हा असंच असतं, आई," असं तो हसत सांगायचा.

राजमतीचा दिवस विहिरीवर सुरू व्हायचा. घरात नळ होता, पण प्यायचं पाणी ती लग्न होऊन आल्यापासून स्वतः शेंदत आली होती. ते दुपदरी फडक्यातून गाळायचं. फडक्यात अडकलेले बारीक जीव गाळलेल्या पाण्यानं हळूच धुवायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. तेही वरून ओतायचं नाही. बुडाला कडी असलेली एक छोटी बादली दोरीनं पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग अलगद कलती करायची. आपली तहान भागवताना दुसऱ्याचं घर मोडू नये, एवढंच त्यामागं होतं.

एका सकाळी ती अशीच बादली सोडायला वाकली आणि खाली बघून तिचा हात थांबला. पाण्यावर बेडकांची पांढरी पोटं तरंगत होती. कडेला मासे उलटे पडले होते. पाण्यावर तेलकट तवंग होता आणि शेडचा तो वास आता विहिरीतून वर येत होता. राजमती कठड्यावर बसली. पाण्याची चव बदलल्याची शंका तिला बरेच दिवस येत होती, पण उन्हाची काहिली असेल म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे इतके दिवस ती रोज सकाळी आंघोळ करून, णमोकार म्हणत, एकेक जीव जपून विषात सोडत होती. तिला रडू आवरेना.

अण्णांनी त्याच दिवशी विश्वजीतला विचारलं. तो रागावला नाही. दुसऱ्या सकाळी पाण्याचे थंडगार जार दारात येऊन पडले. मागोमाग तोही आला.

"विहिरीत फार बघत जाऊ नका, आई. डोळ्यांना त्रास होतो." मग चपला घालता घालता म्हणाला, "प्रीतीताईंकडंही जार पाठवू का? विश्रामबागेत, शाळेसमोरची पिवळी बिल्डिंग ना? दुसरा मजला."

प्रीतीचा पत्ता त्याला कुणीच सांगितला नव्हता. तो गेल्यावर अण्णांनी दाराला कडी घातली. मग म्हणाले, "गप बसायचं. पोरीचं नाव घेतलंय त्यानं."

अण्णा गप बसले, पण राजमतीला बसवेना. दुपारी ती बांध ओलांडून मानसिंग सुभेदारांच्या मळ्यात गेली.

हे मानसिंग म्हणजे अण्णांच्या तिन्ही प्रश्नांत सपशेल नापास होणारा माणूस. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. दर रविवारी त्यांच्या चुलीवर मटण शिजायचं आणि वारा इकडचा असला की अण्णा खिडक्या लावून घ्यायचे. संध्याकाळी ते एक पेग घ्यायचे आणि तो कुणापासून लपवायचे नाहीत. शेजार चांगला होता, पण खिडकीच्या अंतरावरचा.

राजमतीनं सगळं सांगितलं. बेडूक, वास, जार, पिवळी बिल्डिंग. मानसिंग ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातली विडी विझवली.

"वैनी, तुमी हिकडं आलाच न्हाई. मला काय सांगितलंच न्हाई. कळलं?"

"आवं पण, तुमच्या जिवाला—"

"माझ्या जिवाचं काय घिऊन बसलाय? काश्मिरात बर्फानं न्हेला न्हाई, ह्यो अत्तरवाला कुठला न्हेतोय! पोरीचं घर ठावं हाय त्येला, म्हंजी तुमचं नाव कुठं येता कामा न्हाई. माझं यिऊ द्या. माझं पोरगं पलटणीत हाय, त्येच्या दाराशी कोण जातंय जार घिऊन?"

त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, गाडीला किक मारली आणि सांगलीला गेले. राजमती बांधावर उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली. सख्खा दीर असता तर एवढं केलं असतं का, असं तिला वाटलं आणि पुन्हा डोळे भरून आले.

पोलीस आले ते भरदिवसा, नाका-तोंडाला फडकी बांधून. शेडमधून पिंपं निघाली, काचेची भांडी निघाली, पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या निघाल्या. दोन्ही कामगार सापडले. त्यांचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. राजमतीनं त्यांना गणपतीत मोदक दिले होते तेव्हा त्यांनी ते हात पाठीमागं का लपवले, हे तिला आता कळलं. विश्वजीत मात्र कालपासूनच गायब होता.

क्रांती मॅडम म्हणून निरीक्षक होत्या. अण्णा शेडच्या सावलीत मातीतच बसले होते, त्यांच्याजवळ त्या येऊन उकिडव्या बसल्या.

"अण्णा, हा अत्तराचा नाही, नशेचा माल आहे. शहरात गाळा घेतला तर वासावरून शेजारी विचारतात. तुमच्या मळ्यात कोण विचारणार? ते शेडचं भाडं देत नव्हते, तुमच्या चांगल्या नावाचं देत होते."

"आन मालाचा मालक?"

"तो असल्या जागी कधी पाऊल टाकत नाही. इथून माल निघाला की मुंबईपर्यंत प्रत्येक हाताला भाव चढतो. सापडतो तो पहिला हात. ही पोरं, नाहीतर तुम्ही. खबर आधी आली म्हणून तुम्ही आज घरी जेवणार आहात. नाहीतर जामीनसुद्धा सहज मिळत नाही यात."

अण्णांना सांगलीला नेलं, दिवसभर विचारपूस झाली आणि सोडलं. मानसिंगनी खरी हकीकत फक्त मॅडमच्या कानावर घातली होती. जगासाठी खबर देणारे ते एकटेच होते. डेअरीवर दूध घालायला आलेल्या लालासाहेबांनी चारचौघांत विचारलं, "खबर कुणी दिली म्हनायचं रं?" तेव्हा मानसिंग किटली खाली ठेवून म्हणाले, "म्या दिली. कुणाला काय अडचण?" कुणालाच नव्हती.

विहिरीला कुलूप लागलं. पाणी तपासायला नेलं आणि माणसाच्याच काय, जनावराच्याही उपयोगाचं नाही असा निरोप आला. सासऱ्यांनी खणलेली विहीर होती. मानसिंगनी कुणी न सांगता आपल्या विहिरीवरून अण्णांच्या घरापर्यंत पाइप ओढला. राजमतीनं जिवाणीचं भीतभीतच विचारलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या विहिरीवर तिच्या छोट्या बादलीसाठी नवी कप्पी लागलेली होती. ती येण्याच्या वेळी ते विडी ओढायचे बंद झाले. कुणी सांगितलं नव्हतं. राजमती मंदिरात गेली की घरच्यांच्या पाठोपाठ त्यांचं नाव घेऊ लागली. रविवारी वारा इकडचा असला तरी अण्णा खिडकी लावायला उठत नसत.

द्राक्षाची छाटणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मानसिंग बायकोचे डोळे दाखवायला मिरजेला गेले होते. अण्णा फाटकाजवळच्या ओळीत कात्री चालवत होते, राजमती अंगणात डाळ निवडत होती. एक पांढरी गाडी येऊन थांबली. दोघं उतरले. कपडे झकपक, बोलणं शहरातलं.

"फौजीचा मळा कुठला, काका?"

अण्णांची कात्री थांबली.

"काम होतं त्यांच्याकडं. पोलिसांत खबर त्यांनीच दिली ना?"

बांधापलीकडं मानसिंगचं घर दिसत होतं. म्हैस दिसत होती. 'ठावं न्हाई' म्हणा, एवढंच म्हणा, आणि आत या, असं राजमती मनात म्हणत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला पिवळ्या बिल्डिंगखेरीज दुसरं काहीच दिसत नव्हतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात या माणसानं बाजारात कधी चढ्या आवाजात घासाघीस केली नव्हती. अण्णांनी कात्री मिटली, वेलीच्या खोडाशी ठेवली आणि फाटकापाशी गेले.

"त्यांनी न्हाई दिली. मी दिली."

"तुम्ही?"

"वर्धमान माझं नाव. शेड माझं, हीर माझी, खबर बी माझी."

त्यातला एक हसला. "काका, तुम्ही लोक तर मुंगीसुद्धा मारत नाही म्हणे."

"मुंगी मारत न्हाई, म्हनूनच दिली."

राजमती कधी उठली ते तिलाच कळलं नाही. ती अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आन यांना मी सांगितलं. पानी मी गाळत हुते."

गाडीतून आलेल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं मोबाइल वर करून नवरा-बायकोचा फोटो काढला, सावकाश, जसं लग्नात काढतात तसा. मग गाडी वळवून निघून गेले.

राजमतीनं आधी क्रांती मॅडमना फोन लावला आणि मग प्रीतीला. लेकीपासून इतके दिवस लपवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. प्रीती म्हणाली, "आम्ही आजच यांच्या गावाकडं जातो. पप्पांना सांग, बरं केलंत."

संध्याकाळी मानसिंग आले ते तरातरा, चपला न काढता. "काय केलंसा ह्ये अण्णा? माझं नाव मी कशापायी लावलं हुतं? सगळं वाया घालवलंसा की ओ!"

"सुभेदार, बसा," अण्णा म्हणाले. "तुमी आमचं लय केलं. पोरीला वाचवलं, मला तुरुंगातनं वाचवलं, पानी दिलं. जलमभर फिटायचं न्हाई ते. पर तुमच्या दारावर आलेलं मरण तुमी घरी नसताना बोट करून दाखवायचं, एवढं तरी माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. निम्मं आमास्नी घिऊ द्या."

मानसिंगनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि अंगणातल्या खुर्चीवर बसले. गावातल्या चौकीवरून हवालदार निघाला आहे, असा निरोप आला होता. तो येईपर्यंत इथंच बसतो म्हणाले. राजमतीनं त्यांना गूळ आणि पाणी आणून दिलं. देताना तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि ते "आवं वैनी, आवं" करत लाजून खुर्चीतच मागं सरकले.

अंधार पडायला लागला तसे अण्णा फाटक लावायला गेले. दुपारी त्या दोघांपुढं ते ठाम उभे राहिले होते, पण आता कडी कोंड्यात जाईना. एकदा निसटली, पुन्हा निसटली, लोखंडावर लोखंड वाजत राहिलं. राजमती पुढं होऊ लागली, तर मानसिंगनी तिला हातानंच थांबवलं. मग त्यांनी स्वतः खुर्ची वळवली आणि कडी लागेपर्यंत पलीकडच्या उसाकडं बघत बसून राहिले.