उजव्या पायाचा अंगठा

पॅपींचं पिस्तूल बिस्किटांच्या डब्यात असायचं आणि डबा फ्रिजवर. पॅपी म्हणजे माझे सासरे, एल्वुड श्ट्रंक. माझी मार्नी बावीस महिन्यांची. दर मंगळवारी मी कामावर गेले की ती त्यांच्याकडे असते.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी तिला घ्यायला गेले, तर ही बया ओट्याखालचे खण पायऱ्यांसारखे ओढून तिसऱ्यावर उभी. हात फ्रिजकडे.

"बिकिट," ती म्हणाली.

मी धावत जाऊन तिला उचललं. "पॅपी, त्या पिस्तुलाला कुलूप लावा."

"कुलपातलं पिस्तूल म्हणजे दात काढलेला कुत्रा. चोर आला तर काय सांगू त्याला? बस जरा, किल्ली शोधतो?"

"चोर आलाय कधी?"

"पिस्तूल आहे म्हणूनच नाही आला!"

हरणांच्या शिकारीच्या बंदुका त्यांच्या कपाटात कुलूपबंद असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भांडण या एका डब्याचं. मी सांगून टाकलं, डब्याचा बंदोबस्त होईपर्यंत मार्नी येणार नाही. माझा नवरा कर्टिस आमच्या दोघांच्या मधोमध उभा राहून खिडकीबाहेर बघू लागला. वडिलांसमोर ही कला त्याला लहानपणापासून येते.

पुढच्या मंगळवारी पॅपींचा फोन आला. "तिची केळी काळी पडायला लागलीत. काय करू?"

"खाऊन टाका."

"मला केळी आवडत नाहीत गं."

त्याच्या पुढच्या मंगळवारी फोनच आला नाही. तो न आलेला फोन मला जास्त लागला.

मग आला सोडतीचा रविवार. पेनसिल्व्हेनियात आमच्या या भागात आगीचा बंब बंदुकांच्या सोडतीच्या पैशावर चालतो. दुपारभर बंबखान्याच्या हॉलमध्ये सगळं गाव जमतं, हॅम आणि बटाट्याची भाजी खातं, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी बंदूक जिंकतं. यंदा बक्षिसांत एक नवलाई होती, अंगठा ओळखणारं पिस्तूल. मालकाचा अंगठा टेकला तरच चालणार, एरवी नुसतं लोखंड.

पहिल्यांदा ते शाळेच्या बसचालकाला लागलं. त्याने हात वर केला. "नको. माझ्या टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल नसतात, याच्यात कुठून घालू?"

दुसऱ्यांदा पाववालीला लागलं. "माझ्या हाताला सदा पीठ. मला स्वयंपाकघरातला चमचा ओळखत नाही, हे काय ओळखणार!"

मग वादाला तोंड फुटलं. बंबाचे प्रमुख लेस्टर खुर्चीवरून उठले. "आज हौसेने घ्याल, उद्या सरकार म्हणेल हेच घ्या. नदीपलीकडच्या न्यू जर्सीवाल्यांचं बघताय ना, त्यांना कायदे करायचा नादच आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावर बंदुकांच्या दुकानवाली डोरिन कागद भरत होती. बक्षीस लागलं तरी आधी तिने सरकारी नंबरवर फोन करून तुमची चौकशी करायची, मगच बंदूक तुमच्या हातात. "लेस्टर, तुझा फोन दिवसातून शंभरदा तुझा अंगठा चाटतो, तेव्हा आठवतं का सरकार?"

"फोन नाही उघडला तर मी मरत नाही!"

"मागच्या आठवड्यात नाही उघडला तेव्हा रडत माझ्याकडे आला होतास."

हॉल हसला. तिसरी चिठ्ठी निघाली. एल्वुड श्ट्रंक.

आता पॅपींचा एक नियम आहे, जिंकलेलं परत द्यायचं नाही. एका वर्षी त्यांनी आंबवलेल्या कोबीचं पिंप जिंकलं होतं. मार्चपर्यंत कोबी खाल्ली, आणि मार्चपर्यंत आम्ही त्यांच्याशी जरा लांबूनच बोललो.

"आणा इकडे," ते म्हणाले.

डोरिनने फोन केला, चौकशी पार पडली, पिस्तूल रिकामं असल्याची तिने दोनदा खात्री केली. नोंदीसाठी पॅपींनी अंगठा टेकवला. लाल दिवा. डावा अंगठा. लाल. मग दहाही बोटं झाली, लालच. चाळीस वर्षं खाणीत पाटीचा दगड चिरून त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसून गेल्यात.

"पॅपी, तुम्ही आहात याला पुरावाच नाही," लेस्टर म्हणाले.

सगळे खिदळले. पॅपींचे कान लाल झाले. ते खुर्चीवर बसले आणि मला एकदम वाटलं, यांच्याच हातांवर आमचं घर उभं आहे, आणि त्या हातांना ओळख नाही म्हणतंय हे खेळणं.

मार्नी माझ्या कडेवरून घसरली. दोन मंगळवार तिला पॅपी मिळाले नव्हते. ती थेट त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सोडू लागली. मंगळवारी त्यांचा तोच खेळ असतो. बूट निघाला, मोजा निघाला, पायाचा अंगठा धरून ती ओरडली, "डुक्कू!" इंग्रजी बडबडगीतात हा अंगठा म्हणजे बाजारात गेलेलं डुक्कर, आणि बाकीची बोटं म्हणजे त्याची भावंडं.

डोरिन अंगठ्याकडे बघत राहिली. "खाणीत बूट घालत होता ना तुम्ही?"

"मग काय अनवाणी जाणार?"

"आणा तो इकडे."

मी मार्नीला उचलून मागे झाले. कर्टिसने बापाचा पाय टेबलापर्यंत उचलून धरला. डोरिनने यंत्रात नोंद केली, पॅपींनी अंगठा टेकवला.

हिरवा दिवा.

बंबाचा भोंगा कुणी वाजवला ते अजून कळलेलं नाही.

"वा!" लेस्टर डोळे पुसत म्हणाले. "चोर आला की म्हणा, थांब बाबा, मोजा काढतो."

"थांबेल की," पॅपी म्हणाले. "माझा पाय बघून तर पळूनच जाईल." मग मार्नीकडे बघत, हळूच, "डोरिन, माझं जुनं पिस्तूल उद्या तुझ्या दुकानात आणून टाकतो. विकून टाक."

"नक्की? ते अंगठा न मागता चालायचं हो."

"तेच तर," पॅपी म्हणाले. "ते कुणाच्याही हातात चालायचं." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही हॅमच्या बशीत बघत बसले, कारण डोळे भरले होते आणि शेजारी पाववाली होती.

काल मंगळवार होता. मार्नीला सोडायला गेले तर बिस्किटांचा डबा अगदी खालच्या फळीवर. तिने स्वतःच उघडला. आत बिस्किटं होती, आल्याची, माणसांच्या आकाराची. नवं पिस्तूल शिकारीच्या कपाटात, कुलपाच्याही आत. पॅपी खुर्चीत बसले होते, डावा पाय उघडा, उजव्या बुटाच्या नाडीला तीन गाठी.

मार्नी उजव्या बुटाकडे वळली.

"तो नाही, बाळा," पॅपी तिला म्हणाले. "तो ड्यूटीवर आहे."