न मोजलेले नऊ किलो

जुना वजनकाटा आहे मी, मित्रांनो, आणि रागावलेला आहे. म्हातारपणी राग बरा नव्हे असं म्हणतात. ते हाडामांसाच्या म्हाताऱ्यांसाठी असेल. मी लोखंडाचा आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते शांतपणे सांगता येण्यासारखं नाही.

आधी माझी ओळख. खाली उभं राहायला चौकोनी पाट, मागे उंच खांब, खांबाला उंची मोजायची पट्टी आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी. तबकडीत एकच सुई. ज्या कारखान्यात मी घडलो तिथला तपासनीस मोठा चिकट माणूस होता. प्रमाण वजनं माझ्यावर ठेवायचा, उतरवायचा, पुन्हा ठेवायचा. सुई केसभर जरी चुकली तरी मला उघडून बसायचा. एकदा त्याची बायको डबा घेऊन आली, तर तिलाही त्याने माझ्यावर चढवलं. "मी काय गोणी आहे का?" म्हणून ती फणकारली, पण उतरताना हळूच आकडा बघून गेली. तिचं वजन मी बरोबर सांगितलं होतं. खोटं बोलण्याची सोयच माझ्यात ठेवलेली नव्हती.

तिथून मी थेट एका शाळेत आलो. दुमजली इमारत, मधे मातीचं मैदान, मैदानाच्या कडेला पाण्याच्या नळांची रांग आणि नळांसमोर खेळाच्या सामानाची खोली. त्या खोलीत मला उभं केलं आणि खेळाच्या बाईंच्या ताब्यात दिलं.

बाई बुटक्या होत्या, पण आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरचा वर्गही ताठ बसावा. धावायचं कसं हे तर त्या शिकवायच्याच, पण पडायचं कसं हेही शिकवायच्या. "पडणार तर आहातच. मग नीट पडा, हाडं मोडून घेऊ नका." घाम आल्यावर पाणी किती प्यावं, नखं का कापावीत, रात्रभर खोकला येत असेल तर घरात कोणाला सांगावं, मुलींची पाळी सुरू झाली तर काय करावं, सगळं त्या एकाच सुरात, कवायत सांगितल्यासारखं सांगायच्या. लाजायला कोणाला वेळच मिळायचा नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची वजनं होत. बाई माझ्या तबकडीपुढे अशा उभ्या राहत की आकडा फक्त त्यांना आणि माझ्यावर उभ्या असलेल्या मुलालाच दिसावा. एकदा एक जाडसर मुलगा माझ्यावर चढला आणि रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काटा तुटेल रे!" सगळे खिदळले. बाईंनी ओरडणाऱ्याला पुढे बोलावलं.

"तुझ्या रक्तात किती लाल पेशी आहेत, सांग."

"माहीत नाही, बाई."

"मग दुसऱ्याच्या चरबीचा हिशोब तुला कोणी विचारला?"

त्या दिवसापासून रांगेत कोणी हसलं नाही.

बाईंना वाढलेल्या वजनाचं फारसं काही वाटत नसे. त्या घाबरत ते पोरांच्या वाढीच्या वयात कमी झालेल्या वजनाला. आकडा खाली आला की त्या पोराला थांबवून घेत. एका मुलीचं वजन लागोपाठ दोन महिने घटलं, तेव्हा बाईंनी खोदून खोदून विचारलं. चुलत बहिणीने तिला 'भोपळा' म्हटलं होतं, म्हणून ती डबा रोज गटारात ओतत होती. बाईंनी तिच्या आईला बोलावलं, त्या चुलत बहिणीलाही बोलावलं. दोघी मुली रडल्या. तिसऱ्या महिन्यात सुई वर सरकली, आणि बाईंनी माझ्या खांबावर थाप मारली. मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

हेडसर नवे होते. त्यांच्या मते खेळाचा तास म्हणजे गोंगाट, आणि आरोग्य शिकवणं म्हणजे वेळ घालवणं. वेळापत्रकावर मंगळवारी आणि शुक्रवारी 'शारीरिक शिक्षण' हे शब्द तसेच राहिले, कारण ते कागदावर असावे लागतात. तास मात्र गणिताच्या सरांना दिले. "निकाल लागला पाहिजे," हेडसर म्हणाले, "उड्या मारून कोणाला टक्के मिळत नाहीत." गणिताचे सर वाईट नव्हते. शिकवत चांगले. पण जे आयतं हातात पडलं ते त्यांनी मुकाट्याने घेतलं, आणि त्याबरोबर आरोग्याची नोंदवहीही त्यांच्या गळ्यात पडली.

माझ्या पाटावर जुन्या उत्तरपत्रिकांची खोकी रचली गेली. चेंडूंतली हवा गेली, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्यांचा गुंता झाला. खोलीची चावी शिपाईमामांकडे असे. खडू लागले की ते दार उघडत, एरवी कुलूप.

महिन्यातून एकदा गणिताचे सर नोंदवही घेऊन या खोलीत येत, कारण इथे शांतता होती. खुर्चीवर बसत, बूट काढून पाय माझ्या पाटाच्या मोकळ्या कोपऱ्यावर टेकवत आणि लिहायला घेत. "गेल्या महिन्यात चौतीस, या महिन्यात साडेचौतीस. हिचं एकतीस, मग साडेएकतीस." एकही मूल न बघता अख्खा वर्ग अर्ध्या अर्ध्या किलोने वाढत होता. सगळी पोरं एकसारखी वाढायला ती काय साच्यातल्या विटा होती? आणि वर हेडसरांची सही! माझ्या नावावर हे खपवलं जात होतं, मित्रांनो. वजन म्हटलं की लोक काट्यावर विश्वास ठेवतात. मी तर एक अवाक्षरही बोललो नव्हतो.

त्याच वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती कधी एका जागी दिसायची नाही. बारा वर्षांची. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. बाईंच्या शेवटच्या महिन्यात भिंगरी माझ्यावर उभी राहिली होती, चौतीस किलो. तेही एका पायावर, कारण तिला बघायचं होतं की एका पायाने वजन निम्मं होतं का.

खोलीच्या जाळीतून मला नळ दिसत. त्या वर्षी, खेळाचे तास बुडाल्याला चारेक महिने झाले असतील, भिंगरी नळावर वारंवार येऊ लागली. ओंजळ लावायची ती काढायचीच नाही. पाणी पिऊन झालं की मुतारीकडे पळायची, येताना पुन्हा नळ. आधी उड्या मारत यायची, मग चालत, मग नळाच्या कट्ट्याला टेकून. गळ्याची हाडं दिसू लागली. गणवेश असा लोंबायचा की थोरल्या बहिणीचा घातलाय वाटावं. तिला तर बहीणच नव्हती.

एकदा वर्गाच्या खिडकीतून गणिताच्या सरांचा आवाज ऐकू आला. "पुन्हा बाहेर? तासाला तिसऱ्यांदा! तुला वर्गात बसायचं नसेल तर सरळ सांग."

"सर, खूप लागलीय."

"खाली बस."

ती बसली. नंतर जे झालं त्याला वर्ग हसला. ओल्या परकरानिशी ती नळाशी आली आणि तोंडावर पाणी मारत राहिली, म्हणजे रडलेलं कळू नये. बाई असत्या तर? बाईंनी तिला एका नजरेत ओळखलं असतं. असली तहान, असली लघवी, असं उतरलेलं वजन, ही तीन लक्षणं त्या दरवर्षी या इयत्तेला शिकवत. यंदा ते शिकवायला कोणी नव्हतं.

एक दिवस ती मैत्रिणीबरोबर खडू न्यायला खोलीत आली. शिपाईमामा दाराशी होते. मला बघून ती म्हणाली, "ए, आपला काटा!" तिने वरचं एक खोकं उचललं, मैत्रिणीने दुसरं. पाट रिकामा होत आला. भिंगरीने एक पाय ठेवला. तेवढ्यात व्हरांड्यातून सर ओरडले, "खडू आणायला किती वेळ? ते खेळणं नाही!" तिने पाय काढला. खोकी पुन्हा माझ्यावर आली. दुसरा पाय टेकवायला कितीसा वेळ लागला असता?

पुढच्या मंगळवारी, खेळाच्या तासाला, गणित चालू असताना ती बाकावरून खाली पडली. "नाटकं बंद कर," असं सर आधी म्हणाले. मग त्यांनी तिचा श्वास ऐकला असावा, कारण त्यानंतरची हाक वेगळीच होती. शिपाईमामांनी तिला दोन्ही हातांवर उचलून मैदानातून नेलं. तिचे पाय दोरीसारखे लोंबत होते.

चार दिवस ती शुद्धीवर आली नाही.

पाचव्या दिवशी तिची आई शाळेत आली. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची बॅग, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. हेडसर तिला नळांपाशीच सामोरे आले. मागे नोंदवही घेऊन गणिताचे सर.

"कशी आहे हो पोर?" हेडसरांनी विचारलं.

"आज डोळे उघडले. तिच्या शरीरात साखर पचवणारा रस तयार व्हायचाच बंद झालाय. आता आयुष्यभर रोज सुई टोचायची."

"अरेरे. फार गोड खात असेल."

"गोड खाऊन हा मधुमेह होत नाही!" ती कडाडली. "हे मला काल डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही शाळा चालवता, तुम्हाला तरी माहीत हवं होतं. माझी पहाटेपासून रात्रीपर्यंत ड्युटी, घरी येते तोवर पोर झोपलेली. वाळलीय हे मला दिसत होतं. पण प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलंत, वजन छत्तीस-साडेछत्तीस, प्रकृती उत्तम. मी म्हटलं, उंच होतेय म्हणून बारीक दिसते. शाळेने मोजलंय ना, मग मी कशाला घाबरू?"

"नोंद आहे आमच्याकडे," हेडसर वही उघडत म्हणाले. "हे बघा, दर महिन्याला वाढच आहे."

"दवाखान्यात भरली तेव्हा साडेसत्तावीस भरली. नऊ किलो, साहेब! तुमच्या शेवटच्या नोंदीनंतर दहा दिवसांत नऊ किलो कुठे गेले, असं डॉक्टर मला विचारतात. काटा कुठे आहे तुमचा? दाखवा."

"तो जरा नादुरुस्त..."

"दाखवा!"

चालत्या बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज तो. वर्गांच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली. हेडसरांनी शिपाईमामांकडे असं बघितलं की चावी सापडू नये. शिपाईमामांनी खिशातून चावी काढली आणि कुलूप उघडलं.

ती माझ्यासमोर उभी राहिली. खोक्यांवरची धूळ बोटाने पुसून तिने बोट बघितलं.

"ताई," शिपाईमामा म्हणाले, "चावी माझ्याकडेच असते. बाई गेल्यापासून या काट्यावर एकही पोर चढलेलं नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

"तुम्ही मधे बोलू नका," हेडसर गुरगुरले.

भिंगरीची आई गणिताच्या सरांकडे वळली. "सर, आकडे कुठून आणलेत?"

सर म्हणाले, "मनाने लिहिले."

मित्रांनो, मला वाटलं होतं ती त्यांच्या थोबाडीत मारेल. मला ते हवंही होतं. तिने बॅग खाली ठेवली आणि एकेक खोकं उचलून बाहेर मैदानात फेकायला सुरुवात केली. शेवटचं खोकं फुटलं, उत्तरपत्रिका मातीत पसरल्या. मग ती म्हणाली, "माझी पोर मोजायची राहिली ती राहिली. बाकीची पोरं बोलवा. आत्ता. माझ्यासमोर मोजा."

त्या दुपारी अख्खा वर्ग माझ्यावर चढून गेला. शिपाईमामा नाव पुकारत, सर आकडा लिहीत. बाईंच्या शेवटच्या नोंदीपेक्षा आणखी तीन मुलांची वजनं उतरलेली निघाली. डॉक्टरांनी तपासलं, तर एकाच्या पोटात जंत होते, एक मुलगी रक्त कमी झाल्याने पांढरीफटक पडली होती, तिसरा घरच्या भांडणांमुळे जेवतच नव्हता. तीन मुलं, मित्रांनो, आणि वहीत तिघांचीही प्रकृती उत्तम!

हेडसरांचं पुढे काय झालं? चौकशी आली, चहा पिऊन गेली. हेडसर खुर्चीत तसेच आहेत. शिपाईमामांची नोकरी राहिली, कारण भिंगरीची आई दर आठवड्याला त्यांची विचारपूस करायला येते, आणि तिला टाळणं सोपं नाही. मला वर्गाच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. तेवढ्याने सगळं निस्तरलं, असं शाळेला वाटलं.

दीड महिन्याने भिंगरी परत आली. दंडावर सुयांचे बारीक डाग, दप्तरात औषधाची पिशवी. मंगळवार होता. गणिताचे सर आत आले आणि सवयीने फळ्यावर उदाहरण लिहू लागले. भिंगरी उभी राहिली.

"सर, हा खेळाचा तास आहे."

खडू थांबला. "परीक्षा तोंडावर आलीय. आजचा दिवस..."

"सर, मागच्या मंगळवारीपण असंच म्हणाला होतात ना? मला मैत्रिणीने सांगितलं."

तिची मैत्रीण उभी राहिली. मग मागच्या बाकावरचे दोघे. बाक सरकल्याचे आवाज येत राहिले, आणि बघता बघता सगळा वर्ग उभा होता. कोणी ओरडलं नाही. सरांनी अर्धवट लिहिलेलं उदाहरण पुसलं आणि ते म्हणाले, "मला कवायत येत नाही."

"आम्हाला येते," भिंगरी म्हणाली. "बाईंनी शिकवलीय."

माझा राग गेला असेल असं तुम्हाला वाटेल. गेलेला नाही. एका बारा वर्षांच्या पोरीला मरता मरता वाचावं लागलं, तेव्हा कुठे एक तास जागेवर आला. म्हणून सांगतो, तुमच्या वेळापत्रकावर खेळाचा तास असेल आणि फळ्यावर दुसराच विषय दिसत असेल, तर गप्प बसू नका. न मोजता तुमचं वजन कोणी लिहीत असेल, तर विचारा, कधी मोजलंत? शेजारच्या बाकावरचं पोर वाळत चाललं असेल, तर हसू नका, मोठ्या माणसाला सांगा. एकाने नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगा. उद्धट म्हणतील. म्हणू देत.