साहेबांची सही

२०२३ सालच्या फेब्रुवारीत, मोहाला अजून फुलं धरायची होती तेव्हा, तबस्सुम धानाच्या बांधाखाली गुडघे टेकून एका मेलेल्या गाईच्या मानेवरच्या दातांच्या खुणा मोजत होती. मोजायला तिच्याकडे शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक होतं. त्याची दोन टोकं तिने दोन भोकांत टेकवली, तशीच उचलून पट्टीवर धरली आणि मागे न बघता म्हणाली,

"साडेपाच सेंटिमीटर."

"म्हंजे?" गाईची मालकीण रुखमाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"म्हणजे वाघच. बिबट्याच्या सुळ्यांत इतकं अंतर नसतं."

"मी सकाळपासून तेच सांगून राह्यली ना सगळ्याइले!"

"बाई, तुमचं सांगनं कागदावर चालत नाई," दवाखान्याचा परिचर श्रावण म्हणाला. "कागदाले दात मोजून लागते."

तबस्सुमने मानेवरची कातडी कापून उलटी केली. आत रक्त साकळून काळं झालं होतं. म्हणजे गाय जिवंत असतानाच धरली होती, मेलेलीवर वाघ आला नव्हता. हे दिसलं नसतं तर भरपाईचा कागद पुढे सरकला नसता. तिने हात धुतले, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून अहवाल लिहिला आणि खाली झरकन सही केली. सहीची शेपटी लांब होती, पार कागदाच्या कडेपर्यंत जाऊन मागे वळलेली.

रुखमाबाई वाकून बघत होती. "डॉक्टरबाई, तुमचं नाव लई लंबं दिसते."

श्रावण उगाच खाकरला.

"माझं नाही ते. साहेबांचं आहे."

"अन् तुमचं काऊन नाई?"

"माझं चालत नाही," तबस्सुम म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

चालत नव्हतं ते खरंच. चंद्रपुरात लोखंडी अवजारं विकणाऱ्या मन्सूरभाईंची ही मुलगी पाच वर्षं बिश्केकला राहून जनावरांची डॉक्टर होऊन आली होती. पदवी निळ्या पुठ्ठ्याची, अक्षरं रशियन. पण परदेशात शिकून आलेल्यांना इथे आणखी एक परीक्षा द्यावी लागे. ती पास झाल्यावरच नाव नोंदणीच्या पुस्तकात चढायचं. तोवर स्वतःच्या जबाबदारीवर शेळीला सुईसुद्धा टोचता येत नव्हती. पहिल्या खेपेला ती नापास झाली, कारण तिला घोड्याच्या पोटदुखीचं सगळं ठाऊक होतं आणि प्रश्न आले होते म्हशीवर. गडचिरोलीकडे घोडा दिसतो तो वरातीत. दुसऱ्या खेपेला उत्तरं येत होती, पण ती आधी रशियनमध्ये सुचायची आणि इंग्रजीत उतरवेपर्यंत घंटा व्हायची. आता तिसरी खेप होती. चौथी नव्हती.

तिसऱ्या खेपेला बसायचं तर नोंदणी झालेल्या डॉक्टरच्या हाताखाली वर्षभर काम केल्याचा दाखला लागत असे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर, आधी म्हशी शिकायच्या म्हणून, ती चामोर्शीच्या पलीकडच्या या लहानशा गावी गुणवंतरावांच्या दवाखान्यात आली. एका वर्षासाठी आली होती. त्याला तीन वर्षं झाली.

पहिले सहा महिने गुणवंतरावांनी तिला हाताला धरून शिकवलं. म्हशीजवळ कुठल्या बाजूने जायचं, पीळ पडलेलं गर्भाशय फळी ठेवून म्हैस लोळवत कसं सोडवायचं, गोंड म्हाताऱ्याशी बोलताना आधी त्याच्या बैलाची तारीफ कशी करायची. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. एकदा लसीकरणाचा कागद ट्रेझरीतून परत आला, 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन. गुणवंतरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वीस-पंचवीस वेळा सही करून पाहिली. शेवटी कागद तिच्याकडे सरकवला.

"तू कर. माझ्या डोळ्यांदेखत कर."

तिने केली. तो कागद पास झाला. पुढे तर असं झालं की त्यांनी स्वतः केलेली सही परत यायची आणि तिने केलेली चालायची. हळूहळू डोळ्यांदेखत हा भागही गळला.

दाखल्याचा विषय काढला की ते म्हणायचे, "देऊ ना. पशुगणना होऊ दे." मग, "पावसाळ्याआधीचं लसीकरण होऊ दे." मग ग्रामसभा, मग ऑडिट. ती गेली तर त्यांना हात कुठला? निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. माणूस वाईट असता तर तिला भांडता आलं असतं. पण रोज दुपारी आपल्या डब्यातली भाजी आधी तिच्या झाकणात वाढणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? घरून अम्मी अमिनाचा फोन यायचा, अजून किती दिवस, म्हणून. तबस्सुम म्हणायची, थोडे.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मात्र तिने दाखला स्वतःच टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली. उठलीच नाही.

गुणवंतरावांनी पेन उचललं. निबाखाली शाईचा एक ठिपका पडला, त्याचे दोन झाले. मग त्यांनी पेन आडवं ठेवलं.

"तूच कर."

"साहेब, माझाच दाखला आहे."

"मग? आजवर कोणाकोणाचे केलेस."

तिने केली. त्या दिवशी सही फार सुरेख आली होती.

परीक्षा नागपूरला होती, एप्रिलमध्ये. वर्गात छताचे पंखे गरम हवा ढवळत होते. माधवी मॅडम नावाच्या पर्यवेक्षिका हजेरीपत्रक घेऊन बाकाबाकांवरून आल्या. तबस्सुमच्या मनात म्हशीच्या गर्भाचे महिने चालले होते. तिने कागद घेतला, चौकटीत सही केली, परत दिला. मॅडम पुढे गेल्या नाहीत.

"हे कोणाचं नाव?"

तबस्सुमने पाहिलं. तिच्या छापील नावासमोर स्वच्छ निळ्या अक्षरांत 'गुणवंत' लिहिलेलं होतं, शेपटी मागे वळलेली.

तिने त्यावर झटकन तळहात ठेवला.

"घाबरू नका. होतं असं," माधवी मॅडम हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळी एकीने नवऱ्याची सही ठोकली होती. इथे बाजूला तुमची करा. पेपर झाला की दोन ओळींचा खुलासा द्या, चुकून झालं म्हणून. मिटलं."

बाजूला तिने आपलं नाव लिहिलं. सही म्हणावी असं ते नव्हतंच. चौथीतल्या मुलीने पाटीवर काढावं तसं एकेक अक्षर सुटं.

पेपर चांगला गेला. गर्भाशयाच्या पिळावर आख्खा प्रश्न होता, आणि तिने तो आधी रशियनमध्ये न आणता थेट लिहिला. घंटा झाल्यावर तिने खुलाशाचा कागद घेतला. इतक्या वर्षांत तिने लोकांसाठी इतकं काही लिहिलं होतं, पण स्वतःबद्दल दोन ओळी लिहिताना तिला शब्द सापडेना. जो खरा वाटला तो तिने लिहिला आणि कागद दिला.

माधवी मॅडम तो फाइलला लावता लावता थांबल्या.

"'सवयीने'?"

तबस्सुम उभी राहिली.

"'हजेरीपत्रकावर माझ्याकडून सवयीने दुसरी सही झाली.' सवयीने म्हणजे काय?"

माधवी मॅडमनी तिचा अर्ज काढला, पानं उलटली, अनुभवाच्या दाखल्यावर बोट ठेवलं. मग हजेरीपत्रक शेजारी धरलं. दोन्ही शेपट्या एकाच जागी वळल्या होत्या.

"मी 'चुकून' लिहायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आपल्याला उगाच यात ओढलं अशी तक्रार होती. "आता हे मला वर कळवावं लागेल."

पंधरा दिवसांत गुणवंतरावांनी लेखी कळवायचं होतं, दाखला खरा की खोटा आणि सही कोणाची. कळवलं नाही तर परीक्षा रद्द. एसटीत बसल्यावर अम्मीचा फोन आला.

"पेपर कैसा गया, बेटा?"

"अच्छा गया," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर सावलीत माना डोलावत उभ्या असलेल्या म्हशी मोजत राहिली. गुणवंतरावांनी उत्तर लिहिलं आणि खाली सही केली, तर ती दाखल्याशी जुळणार नाही. तिने केली तर तंतोतंत जुळेल. तिला पहिल्यांदाच असं वाटलं की आपण गेली अडीच वर्षं एक एक काडी आणून हे कुंपण स्वतःच घातलं, आणि दार ठेवायचं विसरलो.

पत्र चार दिवसांनी आलं. गुणवंतरावांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस ते तिथेच राहिलं. शेवटी श्रावणलाच राहवलं नाही.

"साहेब, हात चालत नाई त अंगठा चालते ना. दोन साक्षीदार लागते, बस. मी आहो, शाळेचे गुरुजी आहेत."

गुणवंतराव उठले आणि बाहेर बांधलेल्या शेळीचं तोंड उघडून बघू लागले. तिला काही झालेलं नव्हतं.

"मी बोलाले नोको होतं," श्रावण तबस्सुमला म्हणाला. "त्याइचा बाप छप्पन साली चांद्याले दीक्षा घेऊन आला. बांबूकटाईच्या हजेरीवर जिंदगीभर अंगठाच लावला त्यानं. पोरगा पह्यल्यांदा सही शिकला त त्यानं तो कागद भिंतीले चिकटवला, अन् पाव्हना आला का आधी तो दाखवे, मंग पानी देये. आता तुमीच सांगा, हा मानूस अंगठा लावन काय?"

त्या दिवसापासून तबस्सुमने आपलं सामान थोडं थोडं बांधायला घेतलं.

चौदाव्या दिवशी सकाळी गुणवंतरावांनी दोघांना आत बोलावलं, शाळेच्या गुरुजींनाही. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला त्यांना तीन दिवस लागले होते. दोन ठिकाणी अक्षरांवर अक्षरं चढली होती. त्यात लिहिलं होतं की माझा उजवा हात अडीच वर्षांपासून निकामी आहे, या काळातल्या सर्व सह्या माझ्या सांगण्यावरून डॉ. तबस्सुम यांनी केल्या, जनावरं त्यांनी तपासली, अहवाल त्यांनी लिहिले, आणि दाखल्यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

तबस्सुमने वाचलं. "साहेब, याने तुमची नोकरी जाईल."

"वाचता येतं मला. मीच लिहिलंय."

त्यांनी दवाखान्याच्या शिक्क्याचा पॅड उघडला. डावा हातही आता थोडा थोडा हलत होता. जांभळा अंगठा कागदावर उतरेना. तबस्सुम नेहमीसारखी पुढे झाली आणि त्यांचं मनगट धरायला वाकली.

"तू नको," गुणवंतराव म्हणाले. "तुझा हात आता यात नको. श्रावण, तू धर."

पहिला ठसा फराटला. दुसरा नीट उमटला. गुणवंतरावांनी तो उजेडात धरून बघितला, बराच वेळ, एखादं चांगलं पिल्लू बघावं तसा. गुरुजींनी आणि श्रावणने साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

"बाहेर म्हैस आलीय," ते तबस्सुमला म्हणाले. "जा, बघ."

पुढे चौकशी झाली, दाखला खरा धरला गेला. गुणवंतरावांना निवृत्तीच्या आठ महिने आधी वैद्यकीय कारणावरून घरी बसवलं. शाल-नारळ झाला नाही. ते चामोर्शीला राहतात, संध्याकाळी विहारात जातात आणि बँकेत अंगठा लावतात. जुने अहवाल तपासायला साहेब लोक आले तेव्हा रुखमाबाईचाही जबाब झाला. ती म्हणाली, "वाघानं मारली ते वाघाले माहीत, गाईले माहीत, अन् दात मोजले त्या पोरीले माहीत. सही करनाऱ्याले काय माहीत?" तिचा कागद मंजूर झाला. तिने पुन्हा गाय घेतली नाही, शेळ्या घेतल्या. श्रावण अजून त्याच दवाखान्यात आहे. नवीन डॉक्टर सही फार भराभर करतात, असं त्याचं म्हणणं. माधवी मॅडमचं पुढे काय झालं ते कोणाला ठाऊक नाही.

तबस्सुम ऑगस्टमध्ये पास झाली, थोडक्या गुणांनी. आता ती सिरोंचाला असते. तिकडे तेलुगू बोलतात, तिला 'आवुल डॉक्टरम्मा' म्हणतात, गाईंची डॉक्टरीण. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. श्रावण एकदा तिला भेटून आला आणि परतताना चामोर्शीला उतरून साहेबांना तिची खुशाली सांगत बसला. कामाला वाघीण आहे म्हणाला, पण गर्दीच्या दिवशी अजून तिचा हात चुकतो. पेन टेकवते आणि ग काढून बसते. मग कागद फाडते आणि दुसरा घेते.

श्रावण हसला. गुणवंतराव हसले नाहीत. मांडीवरचा हलणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली घेतला.

"तेवढीच उरलीय आता माझी सही," ते म्हणाले. "फाडू नको म्हणावं."