सतत चेष्टा करो

मी पाटी बोलतेय. लिहायची नव्हे, टांगायची. उज्जैनच्या एका मराठी शाळेत, मॅट्रिकच्या वर्गात, फळ्याच्या वर माझा खिळा. तिथून मला सगळ्यांची टाळकी दिसत. पोरांची तेलकट, मोठ्यांची रिकामी.

मला घडवलं भैरवगढच्या एका कारागिरानं. तो कापड छापायचे ठसे कोरणारा. उलटी अक्षरं कोरण्यातच त्याचा जन्म गेलेला. माझ्यावर मात्र त्यानं जपून सुलटी कोरली : ‘चिकाटी सोडू नका’.

शाळेचे चालक भय्यासाहेब उठता बसता माझ्याकडे बोट दाखवत. स्वतः मात्र सात वर्षं शाळेचं वाचनालय ‘उघडतोच आहोत’ म्हणत होते.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विरघळलं. दोनेक वर्षांत शाळा हिंदी झाली. पुस्तकं बदलली, मास्तर तेच. भय्यासाहेब म्हणाले, “नवी पाटी कशाला? हिलाच फिरवा.” माझ्या पाठीवर रंगानं लिहिलं : ‘सतत चेष्टा करो’. कोरलेली चिकाटी गेली भिंतीकडे.

पहिल्याच दिवशी वर्ग खिदळला. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा! ही पोरं टांगेवाल्याशी हिंदीत भांडायची, पण प्रयत्नाला बाजारात सगळे ‘कोशिश’ म्हणतात. हा पुस्तकी शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

जयू नावाची मुलगी उठली. “मास्तर, शाळाच सांगते चेष्टा करा?”

“फाजीलपणा पुरे! बैठ जा.” यज्ञेश्वर मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनाही अर्थ ठाऊक नव्हता. पण विचारायची लाज फक्त मोठ्यांनाच वाटते.

जयूचे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत. एकदा वर्गात येऊन माझ्यासमोरच बजावून गेले, “पास झालीस तर इंदूरला कॉलेज. नापास झालीस तर शाळा बंद. स्थळ बघतो.” पोरगी मधल्या सुट्टीतही डबा बाजूला सारून हिंदी शब्द घोकायची.

परीक्षेत निबंध आला, ‘विद्यार्थी-जीवन में चेष्टा का महत्त्व’. जयूनं चार पानं लिहिली : थट्टेनं विद्यार्थी कसा पक्का होतो, घरची मोठी माणसं थट्टा करून त्याला कसं घडवतात. हिंदीत ती सपशेल आपटली.

“पोरीत चिकाटीच नाही!” अण्णा शाळेत येऊन कडाडले. हेच अण्णा कचेरीच्या हिंदी परीक्षेला एकदा बसले होते. नापास झाल्यावर ‘सरकारच मूर्ख’ म्हणून जे उठले, ते पुन्हा बसले नाहीत.

जयू दाखला न्यायला आली तेव्हा शाळेला चुना लावत होते. मला बाकाला टेकवून ठेवलेलं, कोरलेली बाजू पुढे. तिनं ती वाचली. मला फिरवून दुसरी वाचली. पुन्हा पहिली. मग असं हसली, की चुनेवाला दचकला. “चेष्टा म्हणजे हे होय!”

दाखला घेतला, पण अभ्यास सोडला नाही. बाहेरून परीक्षेला बसली. मुली वर्गात सांगायच्या, अण्णांनी तीन स्थळं आणली आणि जयूनं तिन्ही वेळा पाहुण्यांना हिंदी निबंध वाचून दाखवला. पाहुणे चहा अर्धा टाकून पळाले. दुसऱ्या वर्षी ती पास झाली. अण्णांना शब्द पाळावा लागला.

लगेच शाळेला आठवलं, की ती आमचीच. माझ्या खालीच सत्कार ठेवला. भय्यासाहेब गहिवरले, “ही आपल्या शाळेची चिकाटी!” पहिल्या रांगेत अण्णा डोळे पुसत होते.

जयू खुर्चीवर चढली, मला खिळ्यावरून काढलं आणि कोरलेली बाजू लोकांपुढे धरली. “भय्यासाहेब, अर्थ इथंच होता. भिंतीला का वाचायला दिलात?”



“जयू,” अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, “मोठ्यांची चेष्टा करू नये.”

“कुठली, अण्णा? मराठीतली की हिंदीतली?”

ती इंदूरला गेली. मी अडगळीत आले, कारण त्या अपमानाची शिक्षा कुणाला तरी व्हायलाच हवी होती. आता छप्पन्न साल आहे. मध्यप्रदेश झालाय, नवे साहेब येणार, म्हणून मला पुन्हा रंगवायचं घाटतंय.

रंगवा खुशाल. पण टांगण्याआधी माझ्यावर काय लिहिलंय ते एकदा पोरांना समजावून सांगा. तेवढी चिकाटी तुमच्यात असेल, तर.